आहेर लिहायला एम.एस्सी.

मी गणितात एम.एस्सी. करावं म्हणून वडिलांनी दोन म्हशी विकल्या. नोकरी लागली की दोन्ही परत आणायच्या, असा माझा हिशेब. अजून मी शिकवण्याच घेतोय आणि गोठ्यात माझी जुनी मोटरसायकल उभी असते.

माझ्या पदवीला भाव फक्त भावकीच्या लग्नात. "गणितातला माणूस हाय की घरात," म्हणून मलाच आहेर लिहायला बसवतात. परवा हातकणंगल्यात पंगती उठल्या, तरी मी वहीतली बेरीज आणि डब्यातले पैसे जुळवत बसलो होतो. शंभर रुपये कमीच भरत होते. शेवटी गुपचूप माझ्या खिशातले शंभर डब्यात टाकले.

"बघा, रुपया इकडचा तिकडं न्हाय!" वडील मांडवभर सांगत सुटले. "म्हशींचं सोनं केलं पोरानं!"