हाकेला ओ

अंथुर्ण्याच्या म्हाळसाबाई पांढरे यांचे दोन्ही पंजे कडबाकुट्टीच्या यंत्रात गेले, तेव्हा त्यांची मुलगी दिपाली शाळेत होती. आता दिपाली लग्न होऊन मोरगावला आहे आणि म्हाळसाबाई संगणकावर गावाचे अर्ज लिहितात. लिहितात म्हणजे बोलतात. बारामतीत अपंगांसाठी संगणकवर्ग चालवणाऱ्या सुयोगने त्यांच्या संगणकाला तोंडी हुकूम ऐकायला लावलं. बोललेलं पडद्यावर उमटतं. फायलीचं नाव उच्चारलं की फाईल उघडते.

त्यांचे पती सिद्धू लोणी देवकरच्या एका कारखान्यात होते. एके दिवशी दुपारपाळीला म्हणून निघाले ते पोचलेच नाहीत. मोटारसायकल इंदापूरच्या एसटी स्टँडवर सापडली, हँडल लॉक केलेली. पुढे कोणीच त्यांना पाहिलं नाही. दीर जोतीराम यांनी भाऊ गेला असं केव्हाच गृहीत धरलं. म्हाळसाबाई अजून कुंकू लावतात. शेजारीण लावून देते. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं सासूने सांगितलं होतं.

घरी राहिलेल्या सिद्धू यांच्या जुन्या मोबाइलमध्ये त्यांच्या आवाजाचा एकच तुकडा होता. सुयोगने तो संगणकात उतरवला आणि फायलीला सरळ त्यांचंच नाव दिलं. ती उघडायला नाव घ्यावं लागणार होतं, आणि म्हाळसाबाई ते घेईनात. दिपालीने येऊन नाव घेतलं असतं, पण त्यांना एकटीला ऐकायचं होतं. शेवटी सुयोगने विचारलं, "मावशी, तुम्ही काकांना हाक कशी मारायचा?"

"आवं."

त्याने फायलीचं नाव बदलून 'आवं' ठेवलं.

तुकडा छोटा आहे. शेळ्यांच्या ओरडण्याचा कालवा, आणि त्यात सिद्धू यांचा आवाज : "आलो, आलो. जरा दम धर."

पहिले काही दिवस त्या ऐकतच राहिल्या. मग त्रास सुरू झाला. शेळ्या आत घेताना सवयीने तोंडून "आवं" निघायचं आणि रिकाम्या खोलीतून उत्तर यायचं. अर्ज लिहून घ्यायला आलेल्या प्रयागबाई एकदा तो अर्धाच टाकून उठून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. जोतीराम यांनी दारातूनच टोमणा मारला, "वाढा की त्याला जेवायला, वैनी." मेलेल्या माणसाला असं बोलायला लावू नये, असंही ते म्हणाले.

"मेल्यालं कुनी बघितलंय?" म्हाळसाबाईंनी विचारलं. जोतीराम निघून गेले.

तरीही पुढच्याच आठवड्यात म्हाळसाबाईंनी सुयोगला बोलावून घेतलं. आदल्या संध्याकाळी अंगणात पावलं वाजली होती. जड, पुरुषाची. कुत्रं भुंकलं नव्हतं. त्यांनी हाक मारली आणि ओ आली. दारात जाऊन पाहिलं तर अंगण मोकळं होतं.

"ते भाईरनं बोलले का आतनं, मला कळलं न्हाय," त्या म्हणाल्या. "खरंच आले, तर मी वळखायचं कसं?"

सुयोग फाईल काढून टाकायला निघाला. त्यांनी अडवलं. काढू नको, पहिलं नाव होतं तेच परत दे, म्हणाल्या. मग उघडायची झाली तर नाव घ्यावं लागेल, त्याने सांगितलं.

"ठावं हाय मला," म्हाळसाबाई म्हणाल्या. "घ्यायची येळ आली की घीन."