एकोणसाठ म्हणजे किती?

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता धूसर झाल्या. आरोपींचे चेहरे गेले, कलमं गेली. पण चिकपेटच्या गर्दीत हरवलेल्या एका बाईंचं प्रकरण काही डोक्यातून जात नाही, कारण त्यातली चूक माझी होती. इथं कुणाचंच नाव लिहीत नाही. माझं लिहायला हरकत नव्हती, पण लाज वाटते.

मी तेव्हा चिकपेटजवळच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. ठाण्यात मराठी येणारा मी एकटा, त्यामुळे कुणी मराठी माणूस आला की हेड कॉन्स्टेबल हसून म्हणायचा, "सर, तुमचे पाहुणे आले."

त्या दुपारी आलेले पाहुणे पंचाहत्तरीचे होते. मूळचे निपाणीकडचे, हल्ली इथंच राहणारे निवृत्त शिक्षक. साडीच्या दुकानात पिशवी घ्यायला वळले, तेवढ्यात बायको दिसेनाशी झाली. बाईंना विसरण्याचा आजार, त्यात शुगर, आणि गोळ्या यांच्या खिशात. मूलबाळ नाही. मी मराठीत "बसा" म्हणताच त्यांचे डोळे भरून आले.

तक्रार मी स्वतः लिहून घेतली. हिरवी इरकल, हनुवटीवर तीळ, निळी चप्पल, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. मोबाईल नंबरही दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं, मराठीत. शेवटची जोडी, "एकोणसाठ". तिथं माझं पेन थांबलं. माझी शाळा कन्नड, घरीसुद्धा आम्ही आकडे कन्नडमध्येच मोजायचो. पंचवीसपर्यंत ठीक, पुढं सगळी बोंब. साठ तर स्वच्छ ऐकू आलं होतं. एकोण म्हणजे नऊच असणार, असं धरून मी ६९ लिहिलं. पुन्हा विचारायला जीभ रेटली नाही. ठाण्यातला मराठी पंडित मीच ना!

वायरलेसवर मेसेज गेला. फोटो, गृहस्थांचा मोबाईल नंबर आणि ठाण्याचा नंबर टाकून नोटीस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सोडली. रात्र झाली तरी कुणाचाच फोन नाही. त्यांनाही नाही, आम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक निनावी फोन आला. बोलणारी शेजारीण असावी. "तो म्हातारा बायकोला छळतो, सर. रोज सकाळ-संध्याकाळ 'म्हण, पुन्हा म्हण' करून ओरडतो. ती बिचारी रडते."

मी मनात म्हटलं, तरीच! खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागेपुढे होतो. बनवून आणलेलं सांगणाराच घडाघडा बोलतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. गृहस्थांना बोलावून समोर बसवलं. पाणीही विचारलं नाही.

"बाईंना कुठं सोडून आलात?"

"सोडून? अहो साहेब, काय बोलताय?"

"रोज ओरडत होता की नाही?"

त्यांनी मान खाली घातली. "ओरडत होतो. शिक्षकाची सवय. पाठ करून घेत होतो."

"काय पाठ?"

"माझा नंबर."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघांनी एक स्मरणशक्तीचा क्लास लावला होता. शिकवणारा तरुण म्हणे, दोन महिन्यांत कुठलीही यादी तोंडपाठ. "थापा हो सगळ्या," गृहस्थ म्हणाले. "भाजीची यादी दारापर्यंत टिकायची नाही. पण त्यातली एक युक्ती धरून ठेवली. आकड्याचं चित्र करायचं, चित्रांची गोष्ट करायची. तासानं विचारायची, मग संध्याकाळी, मग दोन दिवसांनी. नंबर बसायला सात महिने लागले. तिच्या डोक्यातून माझं नाव गेलं, साहेब, पण नंबर राहिला."

माझा विश्वास बसत नव्हता. म्हटलं, सांगा बघू ती गोष्ट.

त्यांनी डोळे मिटले आणि सांगू लागले. कोंबडी, विहीर, कायकाय. "…आणि शेवटी जिना. साठ पायऱ्यांचा. त्यातली एक तुटलेली. एकोणसाठ."

"तुटलेली म्हणजे? एक कमी?"

"साठाला एक उणा. एकोण म्हणजे एक उणं." वर्गातल्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं सांगितलं त्यांनी, जराही न रागावता.

मी रजिस्टर ओढलं. तिथं माझ्याच अक्षरात ६९ होतं. त्यांच्यासमोरच ६९ वाला नंबर लावला. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी एक मुलगी हिंदीत उसळली. कालपासून एक माणूस फोन करतोय, तुमची आजी आमच्याकडे आहे म्हणतो, माझी आजी तर केव्हाच वारली, फ्रॉड समजून ब्लॉक केलं. तिचं काय चुकलं? मी माफी मागून त्या माणसाचा नंबर घेतला. तो यशवंतपूरच्या बाजारातला कांद्याचा कानडी व्यापारी निघाला. गृहस्थांना जीपमध्ये घालून आम्ही सुटलो. वाटेत मी त्यांना चूक सांगितली. ते म्हणाले, "असू दे. आधी ती भेटू दे."

बाई कुणाच्या तरी ऑटोत बसल्या होत्या, पण कुठं जायचं ते त्यांना सांगता येईना, म्हणून ऑटोवाल्यानं त्यांना बाजाराशी उतरवलं होतं. व्यापाऱ्यानं घरी नेलं, त्याच्या बायकोनं दहीभात दिला. नोटीस बघून त्यानं चार वेळा फोन केला होता.

"ठाण्याचाही नंबर होता की! तिथं का नाही लावलास?" मी खेकसलो.

"पोलिसांचं लचांड कशाला, सर." मग जरा घुटमळून म्हणाला, "अज्जी कालपासून कसला तरी श्लोक म्हणतात. आम्ही हात जोडून ऐकतो."

दुकानात बाई स्टुलावर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, ओठ हलत होते. तो श्लोक नव्हता, नंबर होता. पाचही जोड्या, अगदी बरोबर. काल दुपारपासून ती बाई आपलं माणूस कुठं आहे ते सांगत होती, आणि तिथं ते कळणारं कुणी नव्हतं. कळायला हवं होतं त्या एकाला एकोणसाठ येत नव्हतं.

गृहस्थ धावत पुढं झाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नाही. "बाजूला व्हा हो. माझा माणूस यायचाय. फोन लावा म्हणते, तर कुणी लावत नाही."

मी माझा फोन काढला. "सांगा अक्का, मी लावतो."

त्यांनी म्हटला, मी दाबला. शेवटी पाच, मग नऊ. गृहस्थांच्या खिशात रिंग वाजली. ते गडबडीनं पोत्यांमागे गेले. मी फोन बाईंच्या कानाशी धरला.

"हॅलो," आवाज आला. "हो, निघालोय. तिथंच बस."

मिनिटाभरात ते पुढच्या दारानं आत आले. बाई उठल्या, त्यांचा हात घट्ट धरला. "किती वेळ लावलात!" गृहस्थांनी मान डोलावली आणि गोळीची पट्टी काढली. मी बाहेर जाऊन जीपच्या आडोशाला उभा राहिलो. रडलो, लिहायला काय हरकत.

त्यानंतर सेवेत असेपर्यंत प्रत्येक नंबर मी एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. कळलं नाही तर पुन्हा विचारायचं, एवढं साधं शहाणपण मला त्या दिवशी आलं. आता पार्कात लोक विचारतात, हे मेमरी क्लास खरंच चालतात का हो? मी सांगतो, झटपट काही होत नाही. चित्र, गोष्ट, उजळणी यांनी राहतं, पण थोडंच राहतं, आणि रोज कुणीतरी समोर बसून "पुन्हा म्हण" म्हणणारं लागतं.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. हल्ली मलाही नावं पटकन सुचत नाहीत. परवा वही घेऊन बसलो. म्हटलं, पुढंमागं उपयोगी पडेल असा एक नंबर पक्का करून ठेवू. मुलगी परदेशात, तिचा दर दोन वर्षांनी बदलतो. बायकोचा अजून तोंडपाठ आहे, पण तो बंद आहे. वही तशीच कोरी पडली आहे. कुणाचा लिहावा, ते काही सुचत नाही.