यासीनभाईंचा रेग्युलेटर तिसऱ्यांदा उघडला

पाण्यात उतरणाऱ्यांनो आणि न उतरणाऱ्यांनो, आज दुपारी जे झालं ते सांगते.

यासीनभाई आणि मी विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी काढतो. त्यांच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्रातून, हवा गळत होती. सोलापुरात दुरुस्तीवाला मिळेना, म्हणून ते काम मी रीतसर शिकून घेतलंय.

नवीन रबर बसवलं, यंत्र टाकीला जोडून बादलीत बुडवलं. तरी बारीक बुडबुडे. पुन्हा उघडलं, पुसलं, जोडलं. तेच.

"एवढं चालतंय की ताई," यासीनभाई म्हणाले. "माढ्याला माणसं वाट बघायलेत."

"त्यांना फोन करा. आज येत न्हाय म्हणावं."

ते रागावले. मी तिसऱ्यांदा उघडलं. भिंगातून पाहिलं तर रबराला चीर होती, बसवताना माझ्याच हातून पडलेली. लाज वाटली, पण सांगितलं. त्यांनी दुसरं रबर पुढं केलं.

या वेळी एकही बुडबुडा आला नाही. यासीनभाई ते तोंडात धरणार, तेवढ्यात मी काढून घेतलं. चूक माझी होती, म्हणून हौदात आधी मीच बुडी मारली आणि दहा मिनिटं त्यातून श्वास घेतला.

मोटार उद्या काढू. 'एवढं चालतंय' म्हणणाऱ्याला तुम्ही कसं थांबवता?