शेवटचा उकार दीर्घ

आमच्या मुलुंडच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत दोन चांगली माणसं एकमेकांसमोर उभी ठाकली, तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली. एक माझे बाबा, सोसायटीचे सेक्रेटरी. दुसऱ्या म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या बाई. त्या मला शाळेत मराठी शिकवायच्या, म्हणून अजूनही बाईच. जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या, बाईंची तेवढी राहिली.

मी घरी बसून परदेशी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. तेव्हा हातात एक विज्ञानमालिका होती. एका ग्रहावर कुणी उपाशी नाही, कुणी आजारी नाही, दारांना कड्या नाहीत. सात समजूतदार माणसांचं मंडळ कारभार बघतं आणि डोंगरात लपलेले काहीजण त्या मंडळाविरुद्ध लढतात. त्या डोंगरातल्यांना मी पहिल्याच भागात 'अतिरेकी' करून टाकलं. सबटायटलला जागा कमी असते, शब्द आटोपशीर लागतो. शिवाय मंडळ मला मनापासून आवडलं होतं. त्याचा प्रमुख अगदी बाबांसारखा होता.

बाबा म्हणजे टाकी धुणारा आला नाही तर लेंगा खोचून स्वतः टाकीत उतरणारे. नव्या इमारतीचा ध्यास त्यांनी घेतला तो तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांसाठी. आजोबांचे गुडघे गेले होते. दवाखान्यात न्यायचं तर त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवायचं, आणि पुढची बाजू कायम बाबांची. सह्या झाल्या की आजोबांना लगेच लिफ्टवाल्या भाड्याच्या घरात हलवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

बाईंचं म्हणणं एकच होतं. "माका मराठीत द्या. वाचतंय, मग सही करतंय." करारनामा इंग्रजीत, विटेएवढा जाड. सगळ्यांना ते निमित्त वाटलं. "बाई नाटकं करतायत यार, सगळ्यांची वाट लावणार," असं जिन्यात उघड बोललं जाऊ लागलं. मलाही तसंच वाटलं. भाषांतरावर पोट असणाऱ्या मला! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मग बाबांनी मला एक नोटीस टाइप करायला सांगितली. मजकूर त्यांचा, पण एक शब्द मी माझ्या पदरचा घातला. 'काही अडेलतट्टु सभासदांमुळे सर्वांचे काम अडले आहे.' फार छान शब्द सुचला म्हणून मी खूशही झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटिशीवर लाल पेनाची खूण होती. शब्द खोडला नव्हता. फक्त 'ट्टु'चा 'ट्टू' केला होता, आणि समासात लिहिलं होतं: शेवटचा उकार दीर्घ.

ते अक्षर मी सात वर्षं वह्यांमध्ये पाहिलं होतं. मी तशीच बाईंच्या दारात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"तूच लिहिलंस ना गो?" त्या म्हणाल्या. "नववीतसुद्धा चुकवायचीस."

"बाई, सॉरी."

"शब्दासाठी की उकारासाठी?"

मी एवढंच म्हटलं, "करारनामा द्या. मी मराठीत करते."

तीन आठवडे रोज संध्याकाळी मी त्यांच्या टेबलाशी बसले. मी लिहायचं, त्यांनी लाल पेनाने तपासायचं, मध्ये आंबोळी आणि माझ्या मालिकेची गोष्ट. बरीचशी कलमं साधी होती, बिल्डरही काही राक्षस नव्हता. मग एक वाक्य आलं: 'यापुढे आराखड्यातील कोणत्याही बदलास सभासदांची हरकत नाही असे समजण्यात येईल.' बाईंनी पेन खाली ठेवलं. मी मात्र गारठले, कारण त्याच आठवड्यात मालिकेतल्या मंडळाचा पहिला नियम उघड झाला होता. त्या ग्रहावर हरकत घेणं हा आजार मानत आणि माणसाला प्रेमाने बरं करत.

सभेत मी ते कलम मराठीत वाचलं. बाबांनी चष्मा काढला. "मी हे वाचलं होतं," ते म्हणाले. "कळलं आत्ता." सेक्रेटरीने भर सभेत असं म्हणायला छाती लागते. मला त्यांचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता. पुढे तेच बिल्डरकडे खेटे घालत राहिले. कलम निघालं आणि बाईंनी सही केली. या सगळ्यात आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांत आजोबा वारले. शेवटचे उतरले तेही खुर्चीतूनच.

बाई आजींना भेटायला वर गेल्या, मी सोबत होते. आजी काही टोचून बोलल्या नाहीत, उलट चहा केला. परत येताना बाई जिन्यात थांबल्या. "वेळेवर सही केली असती तर ते लिफ्टमधून उतरले असते," त्या म्हणाल्या. मी मान्य केलं नाही, पण खोटं आहे असंही म्हणू शकले नाही. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या डोंगरातल्यांचं काय झालं?"

"त्यांनी मंडळाच्या पाण्यात विष घातलं. त्यात त्यांचीच माणसं मेली."

"मग त्यांना चांगलं म्हणू नको," बाई म्हणाल्या. "आणि तो 'अतिरेकी' शब्दही नको."

घरी येऊन मी पहिल्या भागापासून सगळीकडे तो शब्द बदलला. 'नाही म्हणणारे' लिहिलं. लांब होतं, जागेत बसवताना घाम फुटला.

आता नवी इमारत उभी आहे. बाबा पुन्हा सेक्रेटरी आहेत. नोटीस लावण्याआधी ती घेऊन स्वतः बाईंच्या दारात उभे राहतात, आणि बाई त्यांना शाळेतल्या पोरासारखं थांबवून ठेवतात. त्या दोघांच्या हाताखाली मी वाढले, हे माझं नशीब.

गेल्या महिन्यात बाईंनी ती मालिका मोबाइलवर पाहून काढली. परवा त्यांनी लिफ्टमध्ये माझ्या हातात एक कागद ठेवला. सबटायटल्समधल्या अकरा चुका, भाग आणि वेळेसकट. खाली लाल शाईत शेरा होता: 'नाही म्हणणारे' बरोबर.

मी थँक्यू म्हणेपर्यंत तिसरा मजला आला होता. बाई तिथेच उतरल्या. आजी दार उघडं ठेवून त्यांची वाट बघत होत्या.