यादीतला परशुराम

परशा गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा त्याच दिवशी. मी एका लग्नासाठी खानापूरला होतो आणि बायकोनं फोन करून सांगितलं, की ट्रकचं चाक उतरवताना परशाच्या छातीत कळ आली, बेळगावला नेता नेता वाटेतच संपलं. दुसऱ्यांदा तीन आठवड्यांनी, पोलीस ठाण्यातला एक तरुण शिपाई माझ्या औषधांच्या दुकानात कागद घेऊन आला तेव्हा. "सर, परशुराम वारला ना? तुम्ही ओळखत होता त्याला. इथं साईन पाहिजे," तो कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. "त्याची शीट बंद करायचीय." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, तो त्याचं काम करत होता. मी सही केली. तीस वर्षं परशा ज्या कागदातून सुटायला धडपडत होता, त्यातून तो असा सुटला...

आमचं गाव कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, बेळगाव–गोवा रस्त्याला लागून. परशा आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी औषधांच्या दुकानात बसलो आणि त्यानं रस्त्यालगत ट्रकच्या टायरांचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. आम्ही बाविशीत असताना जत्रेतल्या व्हॉलीबॉलच्या सामन्यात भांडण झालं. आमच्या बाजूनं सात-आठ जण होते, मीही होतो. कुणीतरी दांडका घातला आणि समोरच्या एकाचं डोकं फुटलं. दांडका परशाच्या हातात नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे काका पंचायतीत होते, ते म्हणाले, "तू गप घरात बस, मी बघतो." मी बसलो. माझं नाव तक्रारीत आलं नाही. परशाचे वडील जंगलातल्या मजुरीवर जाणारे, त्यांच्याकडून बोलायला कुणी नव्हतं. परशाचं नाव सगळ्यात वर लागलं. खटला पुढं टिकला नाही, तो सुटला. पण तोवर ठाण्यातल्या गुंडांच्या यादीत, जिला सगळे रौडी शीट म्हणतात, त्याच्या नावाचं पान तयार झालं होतं. ते राहिलं.

मग दर गणपतीला, दर निवडणुकीला त्याला बोलावणं यायचं. जायचं, इतरांबरोबर रांगेत भुईवर बसायचं, समोरून-बाजूनं फोटो काढून घ्यायचा, साहेबांचं दमात बोलणं ऐकायचं. सुरुवातीला तो चिडायचा. "दत्ता, मी काय केलंय रं?" असं मला विचारायचा. मी त्याला म्हणायचो, होईल बंद हळूहळू. त्याचं ठरत आलेलं एक लग्न याच कारणानं मोडलं. दुसऱ्या खेपेला सुमनवहिनींच्या वडिलांनी कुणाचं ऐकलं नाही म्हणून संसार झाला. दुकान चालायचं, कारण ट्रकवाले परगावचे, त्यांना काही ठाऊक नसायचं. गावातली माणसं मात्र पंक्चर काढून होईपर्यंत लांब उभी राहायची. त्याच्याशी फार गोडही बोलायची. त्या गोड बोलण्याचा त्याला जास्त राग यायचा.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या दुकानामागच्या खोलीत एक भाडेकरू होता. मला खोली हवी होती आणि तो हलत नव्हता. मी परशाला म्हटलं, "तू काही बोलू नकोस. नुसता माझ्याबरोबर येऊन उभा राहा." त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग हात पुसले आणि आला. तो खरंच काही बोलला नाही, दाराला टेकून उभा राहिला. आठवड्यात खोली मोकळी झाली. मला वाटलं, यात कुणाचं काय बिघडलं? पण गावानं पाहिलं होतं. त्यानंतर एकानं त्याला हद्दीच्या वादात नेऊन उभं केलं, दुसऱ्यानं सोसायटीच्या निवडणुकीत. लोक त्याला जेवायला बोलवायला लागले, खुर्ची द्यायला लागले. जे नाव त्याला टोचत होतं, त्याच नावाला आता मान होता. वहिनी सांगायच्या, की त्या दिवसांत तो आरशासमोर जास्त उभा राहायचा.

शेवटी गावातल्या एका व्यापाऱ्यानं त्याला कुंभारवाडा गावाच्या बाजूला नेलं. व्यापाऱ्याला बाबलोमामा नावाच्या म्हाताऱ्या कुणब्याच्या भातशेतातून वाट हवी होती. त्या दिवशी मामाचं मनगट मोडलं आणि परशा आठ महिने तुरुंगात गेला. गाव म्हणालं, आम्ही म्हणतच होतो. सुटून आल्यावर तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून एवढंच बोलला, "मी नुसताच उभा राहणार हुतो, दत्ता. पण म्हातारा भ्याला न्हाई. माझं नाव ऐकूनबी हलला न्हाई. सगळी माझ्याकडं बघाय लागली... मग माझा हात गेला." मी त्याला पाणी दिलं. त्याला या वाटेवर पहिल्यांदा मी नेलं होतं, हे त्यानंही म्हटलं नाही आणि मीही नाही.

पुढच्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत तो दुकान बंद करून बाबलोमामाच्या शेतावर गेला. मामाची मूठ नीट वळत नव्हती. परशा न विचारता चिखलात उतरला. मामा बांधावर बसून राहिले, त्यांनी त्याला हाकललं नाही आणि हाकही मारली नाही. दुसऱ्या वर्षी मामीनं चहा बाहेर आणून ठेवला. असे चार पावसाळे गेले. कुणाच्या भांडणात तो पुन्हा उभा राहिला नाही. बोलवायला येणाऱ्यांना "टायर असंल तर बोला" म्हणायचा. यादीतून नाव काढावं म्हणून मी त्याचे अर्ज लिहून द्यायचो, त्यांना उत्तर आलं नाही. बोलावणं मात्र यायचं. वहिनी डबा बांधून द्यायच्या आणि तो पन्नाशीतला माणूस जाऊन रांगेत बसायचा.

सही केली त्यानंतरच्या रविवारी मी बाबलोमामांकडं गेलो. माफी मागायची असं ठरवलं होतं, पण आधी पावसापाण्याचंच विचारत बसलो. मामाच म्हणाले, "परसू गेला म्हनं." त्याला परसू म्हणणारं मला दुसरं कुणी आठवत नाही. मग उजव्या मनगटावरून हात फिरवत म्हणाले, "हात त्यानंच मोडला, व्हय. मी न्हाई म्हनत न्हाई. पण त्यो एकटा आला न्हवता, मास्तर. तुमचा समदा गाव त्येच्या मागनं आला हुता." मी मास्तर नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "त्येचा फोटो हाय काय तुमच्याकडं? हिला बघायचाय." मामी दारात येऊन उभ्या होत्या. मी फोन काढला. त्याच्या नंबराशेजारी त्याचा एक फोटो होता, हाताला ग्रीस लागलेलं, ऊन डोळ्यांवर आलेलं आणि किंचित हसू. तोच मोठा करून मी त्यांच्यापुढं धरला. दोघं बराच वेळ बघत होती. दोघांनाही वाचता येत नव्हतं, म्हणून फोटोच्या वर काय लिहिलंय ते त्यांना कळलं नाही. गावात तीन परशा, ओळख पटावी म्हणून कधीतरी मीच ते तसं घालून ठेवलं होतं. इतकी वर्षं तो नंबर लावताना ते माझ्या नजरेला कधी खटकलंही नव्हतं. परशा रौडी.

मी तिथंच पडवीत बसून त्यातली दोन अक्षरं पुसली. काहीच वेळ लागला नाही.