पुलाखाली बसलेले साडू

माणसांवर विश्वास न ठेवणारे लोक जगात खंडीभर सापडतील, पण पाटापासून पुलापर्यंत कुठल्याच निर्जीव वस्तूवर विश्वास न ठेवणारा माणूस काशीत एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं प्रारब्ध. हयात रेल्वेच्या पुलांवर घालवून ते निवृत्त झाले आणि रामघाटच्या गल्लीत, आमच्या अगदी शेजारी, येऊन राहिले. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करणार, मग झोपाळ्याच्या कड्या तपासणार, आणि त्यानंतर यजमानांची खुशाली विचारणार. आमचा सज्जा त्यांनी ऐन सत्यनारायणाच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेला असताना नापास केला. लग्नात वधूवरांच्या आधी हेच स्टेजवर चढून उड्या मारत. इतकंच कशाला, गल्लीतल्या वेदपाठशाळेचे गुरुजी गेले तेव्हा यांनी तिरडीचा बांबू वाकवून पाहिला आणि बदलायला लावला. गुरुजींचे मुलगे रडायचे थांबून बघतच राहिले. मणिकर्णिकेपर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत आणि गुरुजींना आता कसली घाई नाही, असं साडूंनी त्यांना समजावलं.

अशा माणसाला म्हातारपणी समाजसेवेची हुक्की आली. वरुणा नदीला मिळणाऱ्या एका नाल्यापलीकडे मजुरांची वस्ती आहे. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून छातीभर पाण्यातून दवाखान्यात न्यायचं, अशी तिथली रीत. पूर्वी एका ठेकेदाराने बांधलेला पूल पहिल्याच पावसात बसला होता आणि एका बाईचा नवरा त्याच्याबरोबर वाहून गेला होता. साडूंनी जुन्या सहकाऱ्यांना पिडून, लोखंडवाल्यांच्या दारात ठाण मांडून नवा पूल उभा केला. जिथे हातगाडीहून मोठं वाहन येत नाही, तिथे मालगाडी पेलेल असा पूल. सवयच तशी, त्याला कोण काय करणार?

पूल तयार झाला, वस्ती जमली, पण कुणी पाऊल ठेवेना. साडूंनी उड्या मारून दाखवल्या, पण त्यांची अंगकाठी पाहता दोरीवरचं धोतरसुद्धा त्या उड्यांनी हललं नसतं. मग त्यांनी जमिनीवर खडूने आकृत्या काढल्या आणि मराठी वळणाच्या हिंदीत भार आणि ताण यांवर लांबलचक प्रवचन दिलं. मी सावलीत उभा राहून मजा बघत होतो. तेवढ्यात नवरा गमावलेली ती बाई, कडेवर नात घेऊन, पुढे आली.

"बाबूजी, पढ़े-लिखे लोग ऊपर से समझाते हैं, डूबते हम हैं," ती म्हणाली. "आप नीचे जाके बैठिए, तब हम चलेंगे."

साडू म्हणजे नाला दिसताच नाकाला उपरणं लावणारे. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, विजार गुडघ्यांवर दुमडली, प्लास्टिकची एक खुर्ची मागवली आणि त्या घाण पाण्यात, पुलाच्या बरोबर मध्याखाली जाऊन बसले. "पहले भैंस भेजो," त्यांनी खालून हुकूम सोडला, "फिर सब एक साथ आओ."

म्हशी आल्या, हातगाड्या आल्या, मागोमाग सगळी वस्ती आली. पूल दणाणत होता आणि साडू मान वर करून बसले होते. माझं हसू केव्हाच पळालं होतं. मला खरोखरच भीती वाटत होती. शेवटी ती बाई नातीला घेऊन निघाली, मध्यावर थांबली आणि कठड्यावरून वाकली.

"अब उठ जाइए बाबूजी," ती म्हणाली, "पानी गंदा है."

आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे मुलाने साडूंना पुण्याला नेलंय. दर पावसाळ्यात फोन करून ते पुलाची चौकशी करतात. बायका त्यावर मिरच्या वाळवतात, पोरं पतंग उडवतात आणि नवीन राहायला आलेल्यांना तो सरकारनेच बांधला असं वाटतं, हे मी सांगतो.

"नाव कुणाला ठाऊक नाही ना? छान," ते म्हणतात. "पडला असता तर सगळ्यांना पाठ झालं असतं."

ते खूश होऊन फोन ठेवतात. मला मात्र वाईट वाटतं. त्या पुलावरून जाताना मी अजून उगाचच कठड्यावरून वाकतो आणि खाली बघतो. खाली नुसतं पाणी असतं.