आसूढाळ घोडीचा तंग

खोगीर आवळायचा तंग तुटला तेव्हा घोडी शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती. खोगीर फिरलं, स्वार खाली गेला आणि त्याचा पाय रिकिबीत अडकला. मागून नदीच्या कोरड्या पात्रात बाकीचे घोडे चौखूर येत होते. मी दोरीपाशी बंदोबस्ताला उभी होते.

अशा वेळी घोडं बुजतं, पळत सुटतं आणि माणसाचा लगदा होतो. ही घोडी थांबली. स्वाराला पोटाखाली घेऊन चारी पाय रोवून उभी राहिली. घोडे दोन्ही बाजूंनी निघून गेले. एक आवरला नाही, तो थेट तिच्या बरगडीवर आदळला. ती हलली नाही. नोकरीत मी पुष्कळ पाहिलं, पण असं उभं राहणं मला माणसातही दिसलं नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पोलिसात बाया नव्या होत्या. मी चौथी पास शिपाई, बायकांच्या गर्दीसाठी अमळनेरजवळच्या या यात्रेत पाठवलेली. स्वार हा अमळनेरचा टांगेवाला. घोडी निवडली ती त्याच्या थोरल्या बहिणीने. तिला सगळे अक्का म्हणत.

घोडीच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर मालकाला रडवतं, असा समज. त्यामुळे कोणी ते विकत घेत नाही, शर्यतीत त्याच्यावर पैज लावत नाही. अक्काने ती नरडाणा स्टेशनाजवळ एका घोडेव्यापाऱ्याकडे पाहिली होती. आगगाडीची शिट्टी झाली तशी व्यापाऱ्याचे बाकी सगळे घोडे उधळले. अक्का मला म्हणाली, "बठ्ठा घोडा बुजनात, बाई. हाई एकलीच चारा खाती राहिनी." भाऊ नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही.

शर्यतीत सगळ्यांचा भरवसा एका बड्या शेतकऱ्याच्या पांढऱ्या घोड्यावर. त्या शेतकऱ्याला नाना म्हणत. सकाळी त्याने चारचौघांत अक्काला विचारलं होतं, "घोडी पळवायला आणली की रडायला?"

"रडाले तुम्ही शेतस ना, नाना," अक्का म्हणाली. लोक हसले. नाना हसला नाही.

टांगेवाल्याला पोलिसांच्या गाडीतून धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. शुद्ध नव्हती. यात्रेत एकच बोलणं: भोवऱ्याने डाव साधला. फौजदारसाहेबही अपघाताची नोंद करून मोकळे होणार होते. मी तंग उचलून त्यांच्या हातात दिला. अर्धा पट्टा फाटलेला होता, अर्धा धारदार पात्याने कापलेला. साहेबांनी पंच बोलावले, पंचनामा केला, तंग मुद्देमाल म्हणून जप्त झाला. टांगेवाला गेला तर खुनाचा गुन्हा, राहिला तर खुनाच्या प्रयत्नाचा.

साहेब पैज लावणाऱ्यांचे जबाब घेत बसले. मी नदीत उरलेल्या डोहावर धुणं धुणाऱ्या बायकांत जाऊन बसले. बायकांना प्रश्न विचारायचे नसतात. त्यांच्यात बसायचं, त्या आपणहून सांगतात. नाना त्या दिवशी दोनदा न्हायला, हे तिथे कळलं. सकाळी एकदा आणि शर्यतीच्या आधी पुन्हा, तेही धोतरासकट. अशी आंघोळ आमच्याकडे मसणातून आल्यावर करतात.

"आम्ही इचारं, कोन मरनं? तं तो बोलनाच नही," एक म्हातारी म्हणाली.

मी परत आले तेव्हा नाना साहेबांसमोर खुर्चीवर बसला होता. त्याला चहा दिलेला होता. पैजेबद्दल कितीही विचारलं तरी त्याचं उत्तर बदलत नव्हतं. मी साहेबांची परवानगी घेतली.

"नाना, घरात कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग धोतरासकट आंघोळ कशाची केली?"

त्याने कप खाली ठेवला. एवढा वेळ तो आमच्याशी शहरी मराठी बोलत होता. आता गावची बोली आली.

"त्या आसूढाळ घोडीले हात लागना व्हता, बाई. तसाच मन्हा घोडाले कसा लावू?"

अक्का पाणी आणायला गेली तेव्हा त्याने घोडीचा तंग आतून कापला होता. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण त्याने स्वतः पंचांसमोर आपल्या घोड्याच्या तोबऱ्यातून, दाणे खायच्या पिशवीतून, वस्तरा काढून दिला. त्यावर खटला उभा राहिला आणि त्याला शिक्षा झाली.

त्या दिवशी मी एक शिकले, पुढे ते नोकरीभर कामाला आलं. माणूस कायद्याला भीत नाही, पण त्याला कशाची तरी भीती असतेच. ती कशाची, ते शोधायचं. माणूस मारायला नानाचा हात कापला नाही, भोवऱ्याला मात्र तो भ्याला.

जनावरांच्या डॉक्टरने घोडीला पाहून मान हलवली. अक्का तिच्यापाशी बसून होती. भावाला भेटायला धुळ्याला चल म्हटलं, तर म्हणाली, तिथे डॉक्टर आहेत, हिला कोण आहे?

टांगेवाला जगला. घोडी जगली नाही.